कापसाखालचा खिळा

३ फेब्रुवारी, मंगळवार

नियतकालिकाच्या परीक्षकाचं पत्र आलं. शोधनिबंध फेटाळलेला नाही — त्याहून वाईट! एकच प्रश्न विचारलाय. "हे चुंबकत्व खोलीच्या तापमानालाही थोडं शिल्लक राहतं. नमुन्यात लोखंडाची भेसळ नाही, याची लेखकांना खात्री आहे का?"

खात्री! पत्र चारदा वाचलं. माझ्या गाइड तेजस्वी मॅडम मात्र हसल्या. "असं सगळेच विचारतात, जागृती. दहा दिवस आहेत. शांतपणे उत्तर लिही." शांतपणे म्हणे.

४ फेब्रुवारी

स्वतःलाच पुन्हा समजावते. आमचं ऑक्साइड म्हणजे थरावर थर. खूप थंड केलं की तांब्याच्या थरांतून वीज बिनअडथळा वाहते — अतिवाहकता. मधल्या रुथेनियम धातूच्या थरांत चुंबकत्व. या दोघांचं सहसा पटत नाही, एक आलं की दुसरं काढता पाय घेतं. आमच्या नमुन्यात दोन्ही एकत्र नांदतात, आणि चुंबकत्व कुणाला दिसलं नव्हतं इतकं जोरदार. हाच तर सगळा शोध!

पण ते चुंबकत्व लोखंडाच्या कणाचं असलं तर? रुथेनियमचं असतं तर थंडी गेल्यावर नाहीसं व्हायला हवं; खोलीच्या तापमानालाही टिकतं ते लोखंडाचं. डोळ्याला न दिसणारा एक कणही पुरतो. मग शोध कसला, कचरा! आईने आवडीचं जवळ्याचं कालवण केलं होतं. दोन घासांवर उठले.

६ फेब्रुवारी

खल अकीक दगडाचा. चिमटा प्लास्टिकचा. चमचा प्लास्टिकचा. लोखंडाला मी हातही लावत नाही. उत्तर लिहायला बसले — "भेसळीची शक्यता नाही" — आणि तिथेच थांबले. पुढे एक अक्षर लिहवेना.

७ फेब्रुवारी, शनिवार

फ्रिजवरचं चुंबक काढलं. नमुन्याची डबी घरीच होती, सहज जवळ नेलं.

खट्! डबी चुंबकाला चिकटली. प्लास्टिकची डबी!

आतला कापूस उचलला. खाली गंजका खिळा. नमुना ठेवते तिथे कापसावर तांबूस भुकटी.

खिळा ओळखीचा आहे. बाबांच्या मिठागराच्या उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराची, फळी मोडली, तेव्हा आईने त्यातले मूठभर खिळे जपून ठेवले होते. खाडी ओलांडताना जवळ लोखंड ठेवायचं, पाण्यातलं काही लागत नाही — हे मी लहानपणापासून ऐकतेय. भट्टी आमच्या कॉलेजात, खाडीच्या अलीकडे. चुंबकत्व मोजायचं यंत्र पलीकडे, मुंबईत, मॅडमच्या प्रयोगशाळेत. प्रत्येक नमुना रात्रभर आमच्या घरच्या कपाटात राहतो आणि सकाळी माझ्याबरोबर मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने जातो. नोव्हेंबरात लाँच भर पाण्यात बंद पडली होती. आई केवढी घाबरली होती तेव्हा! हा नमुना त्यानंतरचाच.

आईला काही विचारलं नाही. काय विचारू? तिला वाटेल, आपणच पोरीचं वाटोळं केलं.

८ फेब्रुवारी

कुणालाच माहीत नाही. खिळा खाडीत फेकला की संपलं. "खात्री आहे" लिहायचं, एवढंच.

हे मला सुचलं, याचीच सगळ्यात जास्त भीती वाटतेय.

१० फेब्रुवारी

त्याच नमुन्याच्या कॉलेजात उरलेल्या मूळ भुकटीतून नवी वडी दाबली, भाजली. घरी नेलीच नाही. कॉलेजातून थेट बसने, पुलावरून मुंबईला. यंत्र रात्रभर चालेल. देवा, चुंबकत्व दिसू दे! काही नको दुसरं.

११ फेब्रुवारी

अतिवाहकता आहे. चुंबकत्व नाही. रेघ सपाट.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. खिळा टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, "निबंध मागे घेऊ. आणि जागृती, हे तू सांगितलंस, बरं केलंस."

मी रडले. त्यांनी चहा मागवला. "एकाच नमुन्याचं नुकसान आहे. तुझे आधीचे निबंध पक्के आहेत. आपल्या गटातल्या रितेशचा सगळा प्रबंध तुझ्या पहिल्या नमुन्यांवर उभा आहे, पुढच्या महिन्यात त्याची तोंडी परीक्षा. ते जाणार नाही कुठे."

घरी येताना लाँचमध्ये चक्क झोप लागली. आठ दिवसांनी पोटभर जेवले.

१३ फेब्रुवारी

भीती गेली म्हणून आज हसत हसत आईला म्हटलं, "लाँच बंद पडली तेव्हापासून माझ्या डबीत खिळा ठेवतेस ना? आता नको ठेवू गं, आई."

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तवापासून न्हाय गो. पयल्या वर्सापासून. तुझ्या परतेक डबीत ठेवतंय. म्हनून तं तुझं सगलं चांगलं झालं!"

उद्या पहिल्या लाँचने पुन्हा मॅडमकडे. वाटेत रितेशलाही गाठायचं. खाडी ओलांडताना जवळ हवा म्हणून एक खिळा मीच पर्समध्ये टाकून ठेवलाय.