पट्ट्याला लावलेल्या साबणासंबंधी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त मीटरवाचक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय आणि जेवण झाल्यावर लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. घरात ठरवण्याचे काम माझ्या पत्नीकडे होते. तिला जाऊन सात महिने झाले.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलीची. दुसरे अपत्य नाही, त्यामुळे वाद नाही.

२. पत्नीची गाडीही मुलीलाच. हे कलम मी आधी वेगळे लिहिले होते. गाडी मेहुण्याच्या नावे केली होती आणि त्याचे कारण त्याने माझ्या मृत्यूनंतर वाचायचे होते. मेहुणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. त्याचे गॅरेज आहे. ते कारण आता येथेच लिहितो.

गाडीच्या इंजिनाच्या एका अंगाला लांब पट्टा चार-पाच पुल्यांवरून फिरतो. त्यावर बॅटरी चार्ज होते, स्टिअरिंग हलके राहते. तो पट्टा ताणून धरणारी स्प्रिंगची भुजा म्हणजे टेन्शनर. स्प्रिंग थकली की पट्टा घसरतो आणि किंचाळतो. सहा वर्षांपूर्वी आमची गाडी किंचाळू लागली. मेहुणा म्हणाला, "ताई, नुसता पट्टा बदलून भागायचं नाही. टेन्शनर गेलाय."

"वर्षात दोन पट्टे घातलेस. आता टेन्शनर. पुढच्या महिन्यात काय, छप्पर?"

दोघांचे आवाज चढले. मला चढलेले आवाज सोसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, मी बॉनेट उघडून पट्ट्याच्या आतल्या बाजूला साबणाची वडी घासली. असे केल्याने आवाज थांबतो, हे मी कार्यालयातल्या ड्रायव्हरकडून ऐकले होते. गाडी एकदम गप्प झाली. माझा हेतू एवढाच होता की नाश्ता शांततेत व्हावा.

पण ती नाश्ता सोडून थेट गॅरेजला गेली. चार गिऱ्हाइकांसमोर तिने इंजिन चालू ठेवले. "ऐक. कुठे ओरडतेय?"

"काल ओरडत होती."

"काल तू ओरडत होतास."

एक गिऱ्हाईक हसले. मेहुण्याने हातातले फडके खाली टाकले. "मग माझ्याकडे गाडी आणू नकोस."

ती पुन्हा गेली नाही. मी बाजूच्या सीटवर बसलो होतो, बोललो नाही. त्यानंतर दर रविवारी साबण लावत राहिलो, कारण गाडी ओरडली असती तर तो खरा ठरला असता आणि मी कोण ठरलो असतो ते मला माहीत होते. गाडी आठवड्यातून दोनदाच बाहेर पडे, म्हणून निभावले. "साबण एवढा संपतो कसा? खाता की काय?" असे पत्नी विचारायची. भावाशी न बोलता ती गेली.

अंत्यविधीनंतर मेहुणा फाटकाशी उभा होता. मुलीने गाडी चालू केली. दहा दिवस साबण लागला नव्हता. गाडी किंचाळली. त्याने गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "टेन्शनर," एवढेच म्हणून तो निघून गेला. तेव्हा मी सांगू शकलो असतो. मी आत जाऊन चहा ठेवला.

साक्षीदार म्हणूनही मी त्याचेच नाव दिले होते. तो मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार, त्याची साक्ष चालत नाही. एक काहीतरी ठरवा. आणि हे त्यांना तुम्ही गेल्यावरच का कळायला हवं?"

"मला ओरडणं सोसत नाही."

"ते ओरडतील तेव्हा तुम्ही नसाल, एवढ्यासाठी?"

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावले.

म्हणून परवा मी गाडी घेऊन गॅरेजला गेलो आणि सगळे सांगितले. मेहुणा बराच वेळ पाना पुसत होता.

"कुठला साबण, भाऊजी?"

"आंघोळीचा."

"वासाचा?"

"हो."

"त्या दिवशी बॉनेटला वास येत होता. मला वाटलं, ताईने नवीन पावडर लावली." मग खाली बघत म्हणाला, "तिला कळलं होतं?"

"नाही."

तो ओरडला नाही. त्याने नवा टेन्शनर आणि नवा पट्टा काढला, जुना टेन्शनर उतरवून नवा बसवला आणि लांब पाना माझ्या हातात दिला. भुजा मी मागे ओढून धरायची, पट्टा तो चढवणार. नवी स्प्रिंग फार ताठ असते. "सोडू?" मी विचारले. "थांबा." पट्टा बसलेला मला दिसत होता. तरी त्याने मला आणखी पाच मिनिटे धरून ठेवायला लावले. मी धरून ठेवली. ते मला योग्यच वाटले.

गाडी घ्यायला तो तयार नाही. म्हणाला, "भाचीला द्या. मी साक्ष देतो. पण वाचून देतो."

३. मुलीला सूचना: पट्टा बदलताना टेन्शनर तपासून घ्यावा. इंजिन बंद असताना, पट्टा उतरवून, पुली हाताने फिरवावी. घरघरली तर बदलावी. चालू गाडीत भुजा थडथडत असेल तर स्प्रिंग गेली. गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटे गाणी लावू नयेत. आवाज आला तर मामाकडे जावे. साबण लावू नये.

४. माझी हत्यारपेटी मामाला द्यावी, असे वाटत होते, पण साक्षीमुळे देता येत नाही. शिवाय त्याने ती उघडून पाहिली आणि हसला.

५. माझी शिडी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे नऊ वर्षे आहे. तेही साक्षीदार असल्याने ती त्यांना कायद्यानेच मिळू शकत नाही. हे त्यांनी सही करण्यापूर्वी वाचले आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च २०२३, मंगळवार

(सही) मृत्युपत्र करणारा

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

साक्षीदार १: (सही) वरच्या मजल्यावरचे मास्तर. नाते: शेजारी.

साक्षीदार २: (सही) गॅरेजवाला. नाते: ~~मेहुणा~~ तिचा भाऊ.

वरील खाडाखोड साक्षीदार क्रमांक दोन यांनी स्वतःच्या हाताने केली असून ती मला मान्य आहे.