दोन कंट्रोलर, एक फ्यूज आणि उज्ज्वलाचे मामा

कलकत्ता, मे १९७३

तीर्थस्वरूप गुरुदत्तराव यांना श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. आपली सांधेदुखी आणि सरलाताईचा राग, दोन्ही उताराला लागले असतील अशी आशा आहे. (राग माझ्यावरच आहे, ठाऊक आहे. भाचीचे लग्न तोंडावर आले तरी सख्खा मामा येणार की नाही ते कळत नाही, म्हणजे काय!)

भावोजी, घात केला तो आमच्या गिरणीच्या बॉयलरने. त्याच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला हुकूम देणारा कंट्रोलर बिघडला की मला घरून उचलून नेतात. म्हणून मी जोडीला दुसरा बसवला. एक हुकूम सोडतो, दुसरा नुसता पाहत बसतो. पहिल्याने मान टाकली की दुसऱ्याने तोच हुकूम तसाच पुढे चालू ठेवायचा, व्हॉल्व्हला पत्ताही लागता कामा नये. आमचे मॅनेजर चटर्जीसाहेब म्हणाले, हे तुमच्यावाचून चालले तर खुशाल लग्नाला जा.

काल चाचणी झाली. मी पहिला बंद केला, दुसऱ्याने सूत्रे घेतली, व्हॉल्व्ह जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात फेटासुद्धा बांधला. एवढ्यात साहेबांनी (दिसेल त्या वस्तूला हात लावायची खोड!) कोपऱ्यातला फ्यूज दाखवून "एटा की?" (हे काय?) असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तो उपटला. दोन्ही कंट्रोलर एकदम गार! वायरिंग सुटसुटीत दिसावे म्हणून मी दोघांना वीज त्या एकाच फ्यूजमधून दिली होती. बॉयलर बंद, गिरणी बंद. "दोनों एक साथ मरेगा तो दो काहे को रखा?" साहेबांनी सगळ्यांदेखत विचारले. असा संताप झाला म्हणून सांगू, आणि संतापायचे कुणावर तर स्वतःवर! आता फ्यूज वेगळे केलेत. पुढच्या गुरुवारी पुन्हा चाचणी. ती फसली की रजा गेली.

पण उज्ज्वलाला बोहल्यावर न्यायला मामा हवाच. म्हणून इथल्याच डमडमचा आपला दत्तात्रय, माझा चुलतभाऊ, राखीव मामा म्हणून तयार ठेवला आहे. मी अडकलो तर तो तिला नेईल, वऱ्हाडाला पत्ताही लागणार नाही. ताईला सांगा, काळजी नको.

आपला,
श्यामकांत

ता. क. दत्तात्रयाला बँकेतून रजा मिळाली. चाचणी पार पडली तर शुक्रवारी निघून रविवारी, लग्नाच्याच सकाळी पोचू. सोबत हवी म्हणून शेजारशेजारच्या जागा घेतल्या आहेत.

ता. क. २. वरचे वाचून सौ. शकुनने लाटणे खाली ठेवले आणि विचारले, "मामा दोन, आणि गाडी एकच?" दुसऱ्या कुठल्या गाडीत आता जागा नाही. तेव्हा भावोजी, कृपा करून पुण्यातलाच एखादा मामा पाहून ठेवा, मानलेला चालेल. फक्त त्याला आम्हाला उतरवून घ्यायला स्टेशनवर पाठवू नका.