बुडबुड्याची घंटा

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मिळालं! कर्नलचं — मशीनच्या सॉफ्टवेअरच्या अगदी गाभ्यातलं — काम मला मिळालं!

सात महिने जगतपुऱ्याच्या या ऑफिसात स्क्रीनवरची बटणं सजवली. आज द्वारकाजी — आमचे साहेब — म्हणाले, "सावनीजी, सेन्सर अब आप देखिए." मी इतक्या जोरात 'जी सर!' म्हटलं की अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. बघा, बघा!

काम असं. आमचा पंप पेशंटच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडतो. नळीत हवेचा बुडबुडा आला तर पंप तत्क्षणी थांबायला हवा, नाहीतर पेशंटच्या जिवावर बेतेल. सध्या ऑफिसातल्या निलयचा कोड दर अर्ध्या सेकंदाला सेन्सरला विचारतो — आला का? आला का? मधल्या वेळात एखादा सटकला तर? म्हणून आता विचारायचंच नाही. सेन्सरनेच घंटा वाजवायची. इंटरप्ट! प्रोसेसर हातातलं काम टाकतो, कुठवर आलो होतो ते लिहून ठेवतो, माझ्या हँडलरकडे — घंटा वाजली की चालायच्या माझ्या कोडकडे — धावतो, पंप थांबवतो आणि परत आपल्या जागी. डोळ्याची पापणी लवायच्या आत!

१३ला हॉस्पिटलचे डॉक्टर बघायला येणार. नऊ दिवस. मला गुदगुल्या होतायत.

६ फेब्रुवारी

घंटा वाजली आणि मशीन गोठलं. स्क्रीन, बटणं, पंप — सगळं ठार. सकाळपासून चौदा वेळा. आनंदी आनंद आहे!

७ फेब्रुवारी

सांगलीहून आईचा फोन. "जेवलीस का?" म्हटलं, अगं मशीन बंद पडतंय. "मग पडू दे की. तू जेव आधी."

जेवले. मशीन पडलेलंच आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सापडलं!!! दुर्गापुऱ्याला घरापाशी ऑटोतून उतरले ती उड्या मारतच. ऑटोवाले भैया म्हणाले, "लॉटरी लगी क्या?" लगी, लगी!

श्रेय निलयचं. फौजी घरातला, जवाहर नगरात वाढलेला, त्याच्या मराठीत निम्मी हिंदी. माझा कोड वाचला आणि कपाळावर हात मारला. "तू हँडलरमधूनच मेमरी कार्डवर लिहिते?" हो, बुडबुडा किती वाजता आला त्याची नोंद. "मतलब, कुरिअरवाला आला तर तू दारातच पॅकेट खोलून कुर्ता ट्राय करते काय? सही कर, पॅकेट घे, दार बंद. खोलणं नंतर!"

तेच! कार्ड म्हणतं, थांब जरा, मी कामात आहे. आणि हँडलरला थांबायची परवानगीच नाही. तो थांबून बसला की त्याला पुन्हा चालू करणारं कोणी उरत नाही. म्हणून कामाचे दोन तुकडे. तातडीचा — पंप थांबवा, सेन्सरला 'ऐकलं बाबा' म्हणा, निघा. बाकीचं लिहिणंबिहिणं मागाहून, कर्नलला सवड झाली की. पुस्तकात हे दहादा वाचलंय मी. तरी माती खाल्ली!

गंमत म्हणजे, माझं जमलं तर निलयचा कोड कायमचा जाणार. आणि तोच मला शिकवत बसला. फार गोड आहे. (हे पान कुणी वाचू नये.)

११ फेब्रुवारी

दिवसभर तुकडे पाडले. थोडं बंद करून बघ, थोडं चालू करून बघ. डोकं भणभणलं.

१२ फेब्रुवारी

चाललं! चाललं! चाललं!

सिरिंजने नळीत बुडबुडा सोडला — पंप थांबला. मशीन गोठलं नाही! चांगले टपोरे तीस बुडबुडे सोडले, तीसच्या तीस वेळा थांबला. निलय म्हणाला, "टाइम मोजला काय, किती लवकर थांबतो?" अरे, मोजू उद्या! मी खुर्चीवर गोल गोल फिरत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टर मॅडमनी स्वतः बुडबुडा सोडला. मी श्वास धरून. टक्! पंप उभा. टाळ्या!! मला उभं केलं, नाव विचारलं. द्वारकाजींनी सगळ्यांना कांद्याची कचोरी खिलवली — मी तीन खाल्ल्या.

"तो अब पुराना कोड हटा दीजिए," ते म्हणाले. "सोमवार सुबह दस मशीनें हॉस्पिटल जाएँगी."

मी निलयकडे बघितलं. हसला. "हटवून टाक. माझी ड्युटी खतम."

१४ फेब्रुवारी

काढला. दोनशे ओळी, एक कळ. मग निलयनेच दहाही मशीनवर नवा कोड चढवायला मदत केली आणि प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बेटा." हसून हसून पोट दुखलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

गुरुवारी माझी घंटा किती वेळा वाजली ते आईला सांगून भाव खायचा होता. कर्नल प्रत्येक घंटेची मोजदाद ठेवतो. डेमोच्या मशीनची नोंद उघडली. माझ्या घंटेपुढे आकडा — शून्य.

एकदाही नाही. मंगळवारी तपासताना घंटा जोडणारी ओळ मी बंद केली होती, ती तशीच राहिली. गोठणार कसं, माझा हँडलर कधी धावलाच नव्हता. तीसही बुडबुडे निलयच्या कोडने पकडले. डॉक्टर मॅडमचासुद्धा. आणि तो कोड आता दहापैकी एकाही मशीनमध्ये नाही.

द्वारकाजींना फोन केला. "पक्का?" पक्का, सर. मग म्हणाले, गाडी नहीं जाएगी.

आता निलयला सांगायचंय की त्या टाळ्या त्याच्या होत्या.