साडेसतरा इंच दंड

४ फेब्रुवारी

एक पूर्णांक सहा! डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "क्रिएटिनिन जास्त आहे तुमचं. किडनी देणाऱ्याचं एवढं चालत नाही. काही घेता का?"

म्हटलं, मी जिममध्ये ट्रेनर आहे, दंड भरायला क्रिएटिनची पावडर घेतो. त्यांचा चेहरा जरा सैलावला. पावडरीनेही आकडा वर जातो म्हणे, किडनी ठणठणीत असली तरी. "बंद करा. चार आठवड्यांनी पुन्हा बघू. आणखी काही घेता?"

"नाही."

ताई शेजारीच बसली होती. तिच्यासमोर इंजेक्शनांचं कसं सांगणार? सहा वर्षं लोकांना सांगतोय — वजनं उचला, अंडी खा, झोपा, दंड आपोआप भरतात. आणि स्वतः वाढीचं हार्मोन पोटात टोचतो, स्टेरॉइड कुल्ल्यात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!

५ फेब्रुवारी

पावडर बंद. इंजेक्शनं — बघू.

९ फेब्रुवारी

ताईकडे. आज डायलिसिस नव्हतं, म्हणून शिलाई मशीनवर बसली होती. माझे शर्ट दंडात काचतात, बाह्या उसवून तीच पट्टी घालून देते. टेप लावला आणि ओरडली, "साडेसतरा! काड्या, तुझ्या एका बाहीत माझा अख्खा ब्लाउज होईल!" लहानपणी काडीसारखा होतो, ते नाव काही ती सोडत नाही.

तिच्या डाव्या हातावरची डायलिसिसची शीर दोरखंडाएवढी फुगलीय. बोट ठेवलं की थरथरते, मांजर गुरगुरावं तशी. दाजींचा रक्तगट जुळत नाही. आई-बाबा नाहीत. उरलो मी.

१४ फेब्रुवारी

ऑपरेशननंतर तीन महिने जड काही उचलायचं नाही. पावडरी-बिवडरी कायमच्या बंद. दर वर्षी तपासण्या, म्हणजे इंजेक्शनंही गेलीच. आरशासमोर उभा राहून हिशेब करत होतो, किती उतरेन. बहीण मरायला टेकलीय आणि मी दंड मोजतोय!

पण दंड गेले तर मी कोण? जिममध्ये कोण विचारतो काडीला?

१५ फेब्रुवारी

पावडर घेतली. दोन चमचे.

२३ फेब्रुवारी

कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितो. रोज दुप्पट घेतोय. मुद्दाम. आकडा वरच राहील, 'नाही' डॉक्टरीणबाई म्हणतील, मला म्हणावं लागणार नाही. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

साप कोण? ताई? काय लिहून गेलो मी हे!

सकाळी एका नव्या मेंबरने विचारलं, "सर, एवढे दंड कशाने झाले?" म्हटलं, "मेहनत." बिचाऱ्याने मान डोलावली.

४ मार्च

एक पूर्णांक नऊ. "पावडर नक्की बंद केली होती ना?" — "हो." डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो! दाजी खिडकीबाहेर बघत राहिले.

बाहेर आल्यावर ताईच माझी समजूत घालायला लागली. "तू का तोंड पाडतोस? द्यायला निघालास, तेच पुष्कळ आहे मला. आता स्वतःला जप." पाठीवरून हात फिरवत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते आज कळलं. लाज वाटते. जेवताना, दात घासताना, कुणी 'सर' म्हटलं तरी वाटते.

६ मार्च

डबा मोरीत ओतला. उरलेली इंजेक्शनं जिमखालच्या औषधवाल्याकडे देऊन आलो, म्हटलं फेकून दे. मग डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. पावडरीचं, इंजेक्शनांचं, खोटं बोलल्याचं. मुद्दाम केल्याचंही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. इंजेक्शनांची नावं आणि डोस तेवढे लिहून घेतले. मग — "सहा आठवडे काहीही घेऊ नका. मग या."

ताईला सांगायची हिंमत झाली नाही.

२ एप्रिल

दंड साडेसोळा. शर्टात वारा खेळतो. मेंबर विचारतात, "सर, आजारी होतात का?" फार वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं, पण तेवढं नाही. देणार. तिला किडनी देणारच!

१७ एप्रिल

ताईला सगळं सांगितलं. ती शिवत होती. मशीन थांबवलं, पुन्हा सुरू केलं. शिवण संपल्यावर म्हणाली, "उद्या रिपोर्टला मी येते." एवढंच.

१८ एप्रिल

दोन पूर्णांक एक. पावडरीने न फसणारी दुसरी तपासणीही केली. तीही तेच सांगते. "हे पावडरीचं नाही, बहुतेक इंजेक्शनांचं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशीही हेच असावं. आता पेशंट म्हणून तुमचीच फाइल उघडावी लागेल."

ताईने माझा हात धरला. "घाबरू नकोस काड्या. इथे सोबतच येत जाऊ."