तीन नंबरची बाटली

एव्हरशाईन सिटी, मंगळवार दुपार

प्रिय रुडी,

सगळ्यात आधी माझी एक तक्रार ऐकून घे, कारण या घरात ती ऐकायला कुणी तयार नाही. समुद्रातली कासवं जगावीत म्हणून प्लॅस्टिकच्या नळ्या बंद झाल्या आणि कागदाच्या आल्या. कासवांशी माझं काही वैर नाही. पण कागदाची नळी गरम चहात चौथ्या घोटाला मऊ पडते, पाचव्याला तिचा लगदा होतो आणि सहाव्याला आपण चहा पितोय की कालचा पेपर, हेच कळेनासं होतं. एकवीस दिवस मी चहा, पेज, वरणाचं पाणी असं सगळं याच मार्गानं पोटात ढकलतोय. जबडा तारांनी बांधलाय. दोन ठिकाणी मोडलाय. तीन दात गेले, त्यातला एक आमच्या सोसायटीतल्या दीपेशच्या सोफ्याखाली सापडला आणि त्यानं तो वाइनच्या बादलीतल्या बर्फात घालून इस्पितळात आणला. हे सगळं तुझ्या एका ठोशाचं काम. रोज केळीचे घड उचलणाऱ्या हातात काय असतं, ते मला वीस वर्षांच्या मैत्रीत कळलं नव्हतं.

इस्पितळानं पोलिसांना कळवलं होतंच. हवालदार येऊन बघून गेला, बांधलेल्या तोंडाला जबाब कसा विचारणार, म्हणून गुरुवारची तारीख देऊन गेला आणि म्हणाला, “साहेब, लिहूनच द्या.” दीपेशनं मजकूर तयार ठेवलाय. त्यात तू ‘अचानक पिसाळून’ अंगावर आलास, ‘जिवे मारण्याच्या उद्देशानं’ मारलंस, आणि मी ‘स्वतःच्या बचावासाठी हाताला लागेल ती वस्तू’ उचलली. खाली पाच जणांच्या सह्या. मी फक्त माझी करायची, की तू आत. दीपेश म्हणतो, “चंदूभाऊ, सोडायचं नाही. सांडोरच्या वाडीतून उठून आमच्या घरात येऊन हात टाकतो म्हणजे काय?” सांडोर इथून रिक्षानं अर्ध्या तासावर. तो असं बोलतो जसं काही तू होडीतून स्वारी करून आलास.

खोटं कशाला सांगू, पहिला आठवडाभर तो मजकूर मला फारच सौम्य वाटत होता. मी तुला रोज ठार मारत होतो. सोमवारी तुझ्याच वाडीत, तुझ्याच कोयत्यानं, केळीचा बुंधा तोडतात तसा तिरका घाव घालून. मंगळवारी कळंबच्या समुद्रात मानगूट धरून, बुडबुडे थांबेपर्यंत. बुधवारी नुसत्या हातांनी, सावकाश, मधे पाणी पिऊन. माझ्यासारख्या आयुष्यभर जिभेवर जगलेल्या माणसाचं तोंड बांधलं की हात असे शिवशिवतात. विनया शेजारी बसून पेज गाळायची आणि म्हणायची, “काय हो, हसताय कशाला?”

आणि मारून झालं की मला तुझा ओटा आठवायचा. मी वाइन पहिल्यांदा प्यायलो ती तिथं, स्टीलच्या फुलपात्रातून. रोझमेरीवहिनीनं इंद्याल, म्हणजे तुमचं ते आंबट-तिखट मटण, केलं होतं, टोपलीत तळलेले, पावासारखे गोल फुगे होते, आणि मी अडाण्यासारखा विचारलं, “यात पाणी किती घालायचं?” वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिनं मला शिकवलं: आधी मटणाचा घास, मग घोट, मग गप्प. बस, एवढंच. बरणीतलं जांभूळ रोज लाकडी डावानं ढवळायचं, ते सुद्धा एकाच माणसानं, हा तिचा हट्ट. ढवळणारा हात बदलला की वाइन रुसते म्हणायची. तिचं ते गप्प बसणं आपण किती वर्षं पाळलं! तिसरा रविवार, तुझा ओटा, भाजलेल्या कोंबडीच्या भुजिंगचं पुडकं मी आणायचं.

ती गेली आणि ओटा तू बंद केलास. मग दीपेश नाशकाला वाइनचा दोन दिवसांचा कोर्स करून आला आणि रविवार त्याच्या दिवाणखान्यात गेला. पेला हलवायचा, नाक घालायचं, तोंडात घोळवायचं आणि बादलीत थुंकायचं. ज्या सोसायटीत जिन्यात थुंकलं तर पाचशे रुपये दंड, त्याच सोसायटीत चांदीसारख्या बादलीत थुंकलं की संस्कृती. हे मीच पेपरात लिहिलं होतं, आठवतंय? लिहिलं, आणि पुढच्या रविवारी जाऊन थुंकलो.

त्या दिवशी खेळ होता. प्रत्येकानं एक बाटली आणायची, ती कागदात गुंडाळून नंबर टाकायचा, आणि चव घेऊन ओळखायचं. टेबलाला आपण दोघं सोडून नऊ माणसं, आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत, कारण बाकीचे चव सांगायचे आणि चंदूभाऊ मजा आणायचे. तीन नंबर आली. मी पेला उजेडात धरला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बादलीत पिचकारी मारून म्हणालो, “टँकरच्या पाण्यात शाईची दौत सांडलेली दिसते. बनवणारा माणूस अजून जिवंत आहे का?” काय हशा उसळला! तू उठलास. तुझा आवाज अगदी हळू होता. “चंदू, गिळ. पेल्यात उरलंय ते गिळ.” मी पेला बादलीत उपडा केला. पुढचं फक्त आवाजाचं आठवतंय. वाळकं लाकूड मोडावं तसा, आणि तो माझ्या डोक्याच्या आतून आला.

आता जे दीपेशच्या मजकुरात नाही ते. तू एकदाच मारलंस. मारून दोन पावलं मागं गेलास, आपल्याच हाताकडे बघत राहिलास, आणि मला धरून उठवायला पुन्हा पुढं आलास. हात उघडा होता, रुडी. मी जमिनीवरून बघितला. तरी मी टेबलावरची बाटली मानेला धरून टेबलाच्या कडेवर फोडली आणि त्या उघड्या तळहातात घातली. आणि ओढली. कातडी, मग काहीतरी चिवट, ते तटकन तुटलं. रक्त कुठलं आणि जांभूळ कुठलं, फरशीवर वेगळं करता येत नव्हतं. मी जी उचलली ती तीन नंबरचीच होती.

परवा विनया तुझ्याकडे जाऊन आली. मला न विचारता. तिनं सांगितलं, सव्वीस टाके आहेत, दोन बोटं वळत नाहीत, कोयता धरता येत नाही, केळीचे घड झाडावरच पिकतायत. आणि हेही सांगितलं की डॉक्टरनं खोदून विचारलं तरी तू म्हणालास, बाटली धुताना फुटली. एवढंच बोलली आणि पेज गाळायला बसली. त्यानंतर मला तुला एकदाही मारता आलेलं नाही.

तर हे पत्र लिहितोय ते या एका गोष्टीसाठी, जी दीपेशला ठाऊक नाही, विनयाला नाही, आणि जी कळल्यावर तू डॉक्टरला दिलेलं उत्तर कदाचित बदलशील. तो हक्क तुझा. त्या दिवशी तू बाटली दीपेशच्या स्वयंपाकघरात ठेवून फुग्यांची टोपली आणायला खाली गेलास. बाटल्यांना कागद मी गुंडाळले. तीन नंबरवर वहीच्या कागदाचं लेबल होतं, निळ्या शाईत रोझमेरीचं अक्षर: ‘जांभूळ, शेवटची बरणी’. मी ते दोनदा वाचलं. मला माहीत होतं, रुडी. थुंकताना माहीत होतं. नऊ माणसं हसणार होती, एवढंच कारण. याहून बरं कारण मी तीन आठवडे शोधतोय. आज सकाळी, गुरुवारची वाट न बघता, चौकीत जाऊन जबाब देऊन आलो. लेबल, बादली, तुझा उघडा हात, माझी बाटली, सगळं क्रमानं, माझ्याच अक्षरात. तुझ्याविरुद्ध तक्रार नाही असं शेवटी. हवालदारानं वाचलं आणि विचारलं, “साहेब, यात तुम्हीच अडकता, कळतंय ना?” मी मान हलवली. नक्कल सोबत आहे. आणखी एक. वाइन फुकट, पण बाटली धुऊन परत, हा वहिनीचा नियम होता. तिची एक बाटली चार वर्षांपासून आमच्याकडे राहिली, आम्ही तिच्यात फिनेल भरत होतो. ती चार वेळा गरम पाण्यानं धुतली, दोन दिवस उन्हात पालथी ठेवली, आता वास येत नाही. विनया तुझ्या ओट्यावर ठेवून येईल. दार उघडायची गरज नाही.

तू ठेवशील त्या नात्यानं तुझाच,
चंदू