रांजणातलं पाणी

बान नोंगखाम,
५ नोव्हेंबर २०२३

प्रिय लामाई,

आशीर्वाद. कारखान्यात तुला दिवसपाळी मिळाल्याचं मावशीकडून कळलं, बरं वाटलं. इकडे भात कापणीला आलंय. पावसाळ्यात माझे चाळीस रांजण विकले न जाता तसेच पडून राहिले. तुझ्या वहिनीचा गुडघा आहे तसाच. ती म्हणते, "चार वर्षांत एक पत्र नाही, आणि आता सुरुवात माझ्या गुडघ्यापासून?" तिचं खरं आहे, पण कुठून तरी सुरुवात करायलाच हवी.

गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांचा म्होरक्या अजून मीच. दर शुक्रवारी बॅटरी घेऊन घरोघर जायचं, साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधायच्या, डेंगीचा रोगी निघाला की गावाच्या नकाशावर लाल ठिपका द्यायचा. असे सहा वर्षांचे सहा नकाशे झाले. चौथी शिकलेल्या माणसाला त्याचा किती तोरा असेल, ते तुला सांगायला नको.

यंदा आरोग्य केंद्रात विलाई नावाची नवी नर्स आलीय. तिने सहाही नकाशे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. वर्ष कुठलंही असो, पहिले दोन-तीन ठिपके एकाच जागी. तिथून मग विहाराची गल्ली, मग शाळा.

"काका, इथे काय आहे?"

"माझं रांजणांचं आवार."

"तिथल्या अळ्या मोजल्यात?"

"माझ्या घरी शून्य. सहा वर्षांचे तक्ते काढून बघ."

"घरातल्या नव्हे हो, रांजणांतल्या."

"तो विकायचा माल आहे, पोरी. तक्त्यात घरातलीच भांडी धरतात."

"डासाला तक्ता वाचता येतो वाटतं?"

सिमेंटचा नवा रांजण पाण्याने भरून ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. पण पुढेही मी तो विकला जाईपर्यंत भरलेलाच ठेवायचो. गळत नाही, हे गिऱ्हाइकाला न बोलता कळतं. झाकण घातलं तर पाणी दिसणार कसं? त्या दिवशी आम्ही दोघांनी एकेका रांजणात बॅटरी मारली. चाळीसांपैकी सतरांत अळ्या वळवळत होत्या.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो.

चार वर्षांपूर्वी तुझी पुई तापाने फणफणली, तेव्हा मुंग्या चढू नयेत म्हणून तुझ्या कपाटाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्यांत मला दोन अळ्या सापडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गावप्रमुखाच्या भोंग्यावरून मी तुझं नाव घेऊन ते सांगितलं. सख्खी बहीण असली तरी हा सोडत नाही, हे गावाला दाखवायचं होतं. पाचव्या दिवशी पुई गेली. "आईला चार वाट्या घासता आल्या नाहीत," असं गाव म्हणालं. तुझा नवराही तेच म्हणत घर सोडून गेला. मी गप्प बसलो.

पुईचा ठिपका त्या वर्षीचा चौथा. आधीचे तीन माझ्या कुंपणाला लागून. दिले होते मीच, माझ्या हाताने.

मला काही माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. पण माझे कान तू ओळखतेस. रांजणावर टिचकी मारून तडा सांगणारा मी. त्याच वर्षी हापशावर बाया बोलत होत्या, "रांजणवाल्याच्या कुंपणाशी डास उभं राहू देत नाहीत बाई!" मी ऐकलं, हसलो आणि पुढे गेलो. विक्रीचा भर हंगाम होता.

काल सगळे रांजण उपडे केले. आज सकाळी भोंग्यावरून सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन. गावप्रमुखाच्या घराच्या पायऱ्या उतरलो तर शेंगदाणेवाली म्हातारी वाट अडवून उभी. म्हणाली, "तुझं झालं बाबा सांगून. आता त्या लामाईचं काय?"

तसाच आरोग्य केंद्रात गेलो. पुईला चावलेला डास कुठला, हे आता सांगता येईल का, म्हणून विलाईला विचारलं. ती म्हणाली, "नाही काका, कुणालाच नाही येणार." म्हणजे खात्री कधीच होणार नाही. तुझ्यावर ठपका ठेवताना मात्र आम्हाला खात्री लागली नव्हती.

परत ये, असं म्हणत नाही. माफीही मागत नाही. ती द्यायचं ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर. हेच पत्र, शब्दाला शब्द, तुझ्या नवऱ्यालाही पाठवतोय. त्याने तुला काही लिहिलं, तर ते उघडायचं की नाही, तू ठरव.

पुईचा मामा,
थोंगदम