तुझ्या पेरूंची थोरवी

तीर्थरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखर आडवा पडूनच घातला असता, पण इथे जमिनीभर वाळूचे ट्रे मांडलेत.) तुझे गुडघे कसे आहेत? काका कसे आहेत ते विचारत नाही, तुझ्या पत्रात दोन पानं तेच होतं. मी धडधाकट आहे. नोकरीही शाबूत आहे, आणि ती केवळ तुझ्यामुळे, म्हणून हा पत्रप्रपंच.

फळमाशीने बागायतदारांच्या नाकी नऊ आणलेत. तिच्यावर तोडगा काढायचा तर आधी ती प्रयोगशाळेत पाळावी लागते, आणि ते पाळणं माझ्याकडे. माशीबाई फळाच्या सालीखाली अंडी घालतात, अळ्या आतला गर फस्त करतात, पोट भरलं की उडी मारून वाळूत शिरतात आणि कोष करून निवांत पडून राहतात. (काकांचा रविवार आठव.) तर गेल्या महिन्यात कोषांच्या ट्रेला मुंग्या लागल्या. मी तत्परतेने औषध फवारलं. मुंग्या गेल्या. पिंजऱ्यातल्या माश्याही गेल्या, झाडून सगळ्या. जी माशी बागायतदारांना वर्षानुवर्षं हटत नाही ती मी एका फवाऱ्यात संपवली, पण कौतुक राहिलं बाजूला. आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माश्याच नाहीत, तर तुमचं इथे काम काय?" खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

अशात तुझी पेरूंची पेटी आली. औषधाचा थेंब न मारता एकही कीड नाही, असं तू साऱ्या नातेवाइकांना ऐकवत असतेस, म्हणून मी निर्धास्तपणे खायला बसलो. पेरू कापला तर आतून एक अळी टुणकन उडून माझ्या मांडीवर. मावशी, आजवर कुणाला बघून मला इतका आनंद झाला नव्हता. पेटी तशीच उचलून प्रयोगशाळेत नेली, पेरू वाळूवर मांडले, आणि आता पिंजऱ्यात अशा ठणठणीत माश्या आहेत की मॅडम हरखून गेल्यात. पिंजऱ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावलीय: 'मावशी'. पाहुणे आले की त्यांना आम्ही मावशीची नातवंडं दाखवतो.

तुझा लाडका (आणि अजून नोकरीत असलेला) भाचा

ता. क. काकांनी फवारणीचा पंप आणल्याचं कळलं. तो माळ्यावर टाक आणि शिडी शेजारी देऊन टाक. दर आठवड्याला एक पेटी पाठव, डागाळलेले आणि मऊ पडलेले आधी. मॅडम झाड बघायला येणार आहेत, त्यांच्यासमोर ते 'एकही कीड नाही' तेवढं काढू नकोस.

आणखी एक. पेरू चवीला कसे होते, असं तू विचारलं होतंस. मी कापला तो तिसरा. पहिले दोन न कापताच खाल्ले होते. फार गोड होते.